दुधाच्या दगडाखालचं भांडं

ड्रिलिंगचं पाणी परत येईनासं झालं, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी साइटवरच्या कंटेनरमध्ये बसून आदल्या दिवशीच्या नोंदी टाइप करत होते. आमचा फोरमन दारात येऊन उभा राहिला. दापोलीकडचा माणूस, गल्फमध्ये तीस वर्षं काढलेला, सहसा घाईत न दिसणारा. तो म्हणाला, "मॅडम, जरा येता का? ड्रिलचा बिट एकदम खाली बसला. पाणी सगळं आत जातंय, वर टिपूस येत नाही."

खडकात भोक पाडताना आत पाणी सोडतात. ते खडकाचा भुगा घेऊन पुन्हा वर येतं. आलं नाही, तर खाली पोकळी आहे असं समजायचं. मी जिओलॉजिस्ट आहे. रस्ते, पूल, इमारती उभ्या राहण्याआधी जमिनीत काय आहे ते बघून सांगणं हे माझं काम. पुण्यात शिकले, लग्नानंतर दुबईला आले, आणि गेली सोळा वर्षं आम्ही अल कुसैसमध्ये राहतो. माझा मुलगा माझ्या कामाचं वर्णन "मॉम मेक्स होल्स" एवढ्या तीन शब्दांत करतो.

हे काम रास अल खैमाच्या डोंगरात होतं. कोरड्या नदीच्या कडेने जाणारा एक अरुंद रस्ता रुंद करायचा होता. इथे अशा नदीला वाडी म्हणतात. फोरमनला त्याची गंमत वाटे. "आमच्याकडे वाडीत माणसं राहतात," तो म्हणायचा, "इथं वाडीत राहिलं तर पावसात वाहून जाल." मी आठवड्यातून तीन दिवस पहाटे पाचला घर सोडून तिथे जात असे. नोव्हेंबर होता. हवा छान होती.

ज्या ठिकाणी पाणी गायब झालं, तिथून थोडं खाली डोंगरावरून फार पूर्वी कोसळलेली एक दरड होती. तिचे सुटे दगड तसेही काढायचेच होते. एक्सकॅव्हेटरने दोन दिवस ते उपसले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या कातळात एक काळं भोक दिसलं. माणूस वाकून आत जाईल एवढं. आतून गार, ओलसर हवा येत होती. त्या कोरड्या डोंगरात ओल्या मातीचा वास आला, तेव्हा मशीनवरचा पंजाबी ऑपरेटरसुद्धा इंजिन बंद करून खाली उतरला.

त्याच दिवशी ते आजोबा आले. पांढऱ्या पिकअपमध्ये मागे बकऱ्यांसाठी गवताचे भारे. ऐंशीच्या घरातले, काटक, हातात लहान कुऱ्हाडीचं पातं बसवलेली काठी. तिकडच्या डोंगरातले जुने लोक अशी काठी बाळगतात. गाडीतून उतरून ते त्या भोकासमोर उभे राहिले. मग फोरमनशी अरबीत बोलू लागले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, ही हलीबची गुहा. दुधाची. त्यांच्या तरुणपणी मोठ्या पावसात दरड आली आणि तोंड बंद झालं. विचारतात, तुम्ही उघडायला आलात की बुजवायला?"

मी म्हणाले, "सांगा, अजून ठरलेलं नाही."

हे पुरतं खरं नव्हतं. आमच्या कामात पोकळी सापडली की ती सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरून टाकायची, असं आधीच लिहिलेलं असतं.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. हेल्मेट, जॅकेट, बूट. फोरमनला काहीतरी विचारलं. तो हसून म्हणाला, "विचारतात, ही बाई कोण. मी सांगितलं, दगडांची डॉक्टर." आजोबांनी त्यावर मान डोलावली आणि पुन्हा बोलले. या वेळी फोरमन हसला नाही.

"मॅडम, ते म्हणतात, तुम्ही त्यांच्या घरी चला. त्यांच्या बायकोशी बोला. ती जागा बायकांची आहे म्हणे. पुरुष तोंडाशी थांबायचे. ते स्वतः कधी आत गेलेच नाहीत."

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर आम्ही गेलो. नवं, मोठं, दुमजली घर. मागे जुनं दगडी घर, त्यात आता बकऱ्या. फोरमनला पुरुषांच्या बैठकीत नेलं आणि मला आत. मला घ्यायला त्यांची सून आली. शाळेत शिकवणारी, माझ्याच वयाची, स्वच्छ इंग्रजी बोलणारी. तिने आधी वेलचीचा कहवा आणि खजूर समोर ठेवले, मग सासूच्या खोलीत नेलं.

आजी पलंगावर होती. मांडीचं हाड मोडल्यापासून उठता येत नव्हतं. चेहऱ्यावर त्या पिढीतल्या बायका लावतात तो नाकावरून येणारा चकचकीत कापडी मुखवटा होता. घरात बाईच आली आहे असं बघून तिने तो काढून उशाशी ठेवला. बोटांची टोकं मेंदीने काळसर झालेली. फोरमनने मला शिकवून ठेवलं होतं, "खाला म्हणा, म्हणजे मावशी. अरबीत चालतं आणि आमच्याकडेही." मी खाला म्हणाले. ती हसली. पुढचे काही दात नव्हते.

ती बोलत होती आणि सून मला इंग्रजीत सांगत होती. मी ते इथे माझ्या मराठीत लिहिते आहे.

लग्न होऊन ती या डोंगरात आली तेव्हा पंधराएक वर्षांची होती. माहेर समुद्राकाठी, मासेमारी करणाऱ्यांचं. इथे वर कोणी ओळखीचं नाही, आणि सासू तिच्याशी सरळ बोलायची नाही. काही हवं असलं तर भिंतीकडे बघून बोलायची. पहिलं मूल झालं आणि तीन दिवस दूधच उतरलं नाही. कापडाचा बोळा बकरीच्या दुधात भिजवून बाळाच्या तोंडात धरायचे. बाळ रडायचं, मग रडायचंही थांबलं. चौथ्या दिवशी सकाळी सासू उठली, दोर घेतला आणि काही न सांगता निघून गेली.

"दुपार टळल्यावर आली," आजी म्हणाली. "हात सोललेले. गुडघा फुटलेला. फडक्यात पांढरा दगड होता. दगड म्हणजे, मऊ. बोटाने दाबला तर दबायचा. तिने तो बकरीच्या दुधात कालवला, खजूर घातला, मेथी घातली, आणि मला पाजला. पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. म्हणाली, पी."

"चव कशी होती?"

"मातीसारखी. वाईट." ती एवढी हसली की सुनेलाही हसू आलं.

"मग?"

"मग ती माझ्या शेजारी झोपली. माझ्या पाठीला तिची पाठ लावून. सकाळी दूध आलं."

त्यानंतरच्या मुलांच्या वेळी ती स्वतः जाऊन आली होती. दगडाला दुधाच्या सडासारखे आकार आहेत, त्यातून पाणी ठिबकतं, आणि एका सडाखाली मातीचं भांडं ठेवलेलं आहे. ते कोणी ठेवलं हे सासूलाही माहीत नव्हतं. भांडं घरी आणायचं नाही, शिंपल्याने त्यातलं पाणी घ्यायचं, छातीला लावायचं आणि मागून येणाऱ्या बाईसाठी थोडं शिल्लक ठेवायचं. असा नेम होता.

निघताना तिने माझं मनगट धरलं. "तू आत जाशील ना? ते भांडं आहे का, एवढं बघून ये."

परतताना गाडीत फोरमनने दोनदा विचारलं, काय झालं. माझा मुलगा झाला तेव्हाचे दिवस मला आठवत होते. मलाही चार दिवस दूध नव्हतं. पुण्याहून आई आली होती, बॅगेत अळीव, शतावरी, डिंक, बाळंतशोपा आणि गुटी उगाळायची सहाण. एवढी जड सहाण विमानातून का आणलीस म्हणून मी तिच्यावर वैतागले होते. सायन्सची पदवीधर असल्याचा मला तेव्हा फार माज होता. आई मला अळिवाची खीर करून देत राहिली, आणि मी ती खात राहिले, कारण भूक लागायची. दूध पाचव्या दिवशी आलं. कशाने आलं ते मी तिला कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

गुहेत जायला दोन दिवस लागले. आत विषारी वायू नाही हे मीटरने तपासलं, तोंडाशी सैल दगडांना टेकू दिले, आणि कंबरेला दोर बांधून मी आत शिरले. दोराचं दुसरं टोक फोरमनच्या हातात. तो तोंडाशीच थांबला. मी म्हणाले, तुम्हीही या. तो म्हणाला, "नको मॅडम. बायकांची जागा म्हणाले ना. मी इथून बोलतो तुमच्याशी."

सात-आठ मीटर रांगत गेल्यावर उभं राहता आलं. आमच्या लहानशा बेडरूमएवढी जागा. टॉर्च वर केला आणि मी तशीच थांबले. शाळेत भूगोलाच्या पेपरात आम्ही अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभांची आकृती काढायचो, दोन मार्कांना. नंतर कॉलेजात त्याचं रसायनशास्त्र शिकले: पावसाचं पाणी चुनखडीतून झिरपतं, चुना विरघळवून आणतं आणि छतावरून थेंब सुटताना कणभर मागे ठेवतं. हे सगळं मला पाठ होतं. पण छताला ओळीने लटकलेले ते पाच फुगीर, गुलाबीसर पांढरे दगड पाहिल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती कोकणातल्या मावशीच्या गोठ्यातली व्यायलेली गाय. दुसरं काही डोक्यात आलंच नाही.

एका बाजूच्या भिंतीवर ते मऊ पांढरं होतं. दिसायला थेट खरवसासारखं, ओलं, किंचित थरथरेल असं वाटणारं. त्यावर खरवडल्याच्या खुणा होत्या. बोटभर रुंद, एकावर एक, कितीतरी. जुन्या खुणांवर नवा पांढरा थर चढून त्या बुजत आल्या होत्या आणि त्यांवर पुन्हा खरवडलेलं होतं. बहुतेक खुणा माझ्या खांद्याच्या उंचीवर होत्या. काही कमरेइतक्याच उंचीवर. तिथे कोणी बसून खरवडलं असेल किंवा एखादी ठेंगणी मुलगी असेल.

भांडं होतं. मधल्या दगडाखाली, जमिनीवर. काठ एका जागी फुटलेला. आजीच्या गुहेवर दरड आली त्यालाच पन्नासेक वर्षं झाली असतील, आणि तेवढ्या काळात वरून पडणाऱ्या थेंबांनी भांड्याभोवती चुन्याचा थर धरला होता. भांडं जमिनीला चिकटून एकजीव झालं होतं. आत काठोकाठ पाणी. वरून थेंब पडला, की पाण्यावर एक वर्तुळ उठे आणि फुटक्या काठावरून थोडं पाणी सांडे.

"मॅडम?" बाहेरून आवाज आला. "ठीक आहे ना? दोर हलत नाही."

"ठीक आहे," मी म्हणाले. "भांडं आहे."

बाहेर आजोबा उभे होते. त्यांना ते अरबीत सांगावं लागलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला.

यानंतरचे चार दिवस माझे चांगले गेले नाहीत. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर दुष्ट माणूस नव्हते. त्यांच्यावर मुदतीचं दडपण होतं. ते म्हणाले, "रिपोर्टमध्ये लिहा, कॅव्हिटी विथ मिनरल डिपॉझिट्स. फोटो दोन घाला. भांडं-बिंडं कशाला? एकदा पुरातत्त्व डिपार्टमेंटची माणसं आली की खलास, काम दोन महिने बंद. आणि गावातल्या एका म्हातारीच्या गोष्टीवर?"

"सर, तिथे माणसांचा वावर होता हे उघड दिसतंय."

"दिसतंय तुम्हाला. तुम्ही ते लिहिलंत तरच ते दिसलं असं होतं."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो विचार करून बोलणारा माणूस आहे. म्हणाला, "तू बरोबर आहेस. पण तुझा व्हिसा मार्चमध्ये रिन्यू व्हायचाय, हेही लक्षात ठेव." मुलगा जेवता जेवता फोन बघत होता. मला वाटलं त्याचं लक्ष नाही. मान वर न करता तो म्हणाला, "इफ यू डोन्ट राइट इट, देन देअर इज नो पॉइंट यू गोइंग इन."

शनिवार-रविवार मी कपाटं आवरली. काही सुचेना तेव्हा मी कपाटं आवरते. सोमवारी सकाळी रिपोर्ट पाठवला. भांडं, त्याचं माप, खरवडल्याच्या खुणा, वेगवेगळ्या उंचींची नोंद, अकरा फोटो. शेवटी एक ओळ: हे भरण्याआधी संबंधित विभागाला कळवावं. मॅनेजरनी तो वाचला आणि पुढचे आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण त्यांनी तो दाबला नाही, पुढे पाठवला. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

तिकडून दोघं आले. एक पन्नाशीचे गृहस्थ आणि एक तरुण एमिराती पुरातत्त्वज्ञ मुलगी. आत जायची वेळ आली तेव्हा आजोबांनी गृहस्थांना काहीतरी सांगितलं आणि त्यांनी हसून तिलाच पुढे जायला सांगितलं. पहिल्या दिवशी ती भांड्यासमोर पोटावर झोपून तासभर नुसती बघत होती. मी तिच्यासाठी दिवा धरून बसले होते.

दुपारी आम्ही दोघी बाहेर सावलीत बसून तिच्या डब्यातले सँडविच आणि माझ्या डब्यातलं थालीपीठ खाल्लं. ती म्हणाली, असं जगभर सापडतं. चीनमध्ये जुने वैद्य गुहेतले हे दगड कुटून औषध म्हणून देत. युरोपात भिंतीवरच्या या मऊ पांढऱ्याला चंद्राचं दूध म्हणत, जखमेवर लावत, बाळंतिणींना आणि आटलेल्या गुरांनाही देत. मध्य अमेरिकेतले लोक गुहेतले स्तंभ तोडून देवळात नेऊन ठेवत. ग्रीसमधल्या क्रीट बेटावर बाळंतपणाच्या देवीची गुहा आहे आणि तिथला एक दगडी खांब हात लावून लावून गुळगुळीत झालेला आहे.

"तुमच्याकडे?" तिने विचारलं.

मी विचार केला. आमचा महाराष्ट्र बहुतेक काळ्या बसाल्टचा, चुन्याच्या अशा गुहा तिथे जवळपास नाहीतच. पण आंध्रातल्या बोर्रा गुहा मी पाहिल्या होत्या, तिथे असाच एक स्तंभ शंकराची पिंड म्हणून पुजतात. मग आमच्या गल्लीतले वैद्य आठवले. शंखभस्म, प्रवाळ, मोत्याचं भस्म, कवडीचं भस्म. लहानपणी मला ही केवढी वेगवेगळी औषधं वाटायची. शिकल्यावर कळलं, सगळ्यांत मूळ गोष्ट एकच, चुना.

"म्हणजे त्या भिंतीवरचंच," ती म्हणाली.

"रसायन म्हणून, हो."

आजीची गोष्ट मी तिला सांगितली होती. "मग तुम्हाला वाटतं का, तिला दूध त्यानेच आलं?"

"नाही," मी म्हणाले. "चार दिवस घाबरलेल्या मुलीच्या पोटात बकरीचं दूध, खजूर आणि मेथी गेली आणि तिला झोप लागली. मला तर एवढंच सांगता येईल."

तिने ते तिच्या वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात तिने मला बोलावून दाखवलं. भांड्याच्या बुडाशी, चुन्याच्या थरात, आणखी एका भांड्याचा काठ दिसत होता. जाडसर, वेगळ्या मातीचा. आधीचं भांडं चुन्यात बुडून गेल्यावर कोणीतरी त्याच्यावरच दुसरं ठेवलं होतं. किती जुनं, हे तिने सांगितलं नाही. तपासणीनंतरच सांगता येईल, म्हणाली.

याच सुमाराला आजोबांची नात, त्या सुनेची मुलगी, बाळंत झाली. शहरातल्या बँकेत काम करणारी, पहिलटकरीण. आपल्याकडे सव्वा महिना असतो तसे त्यांच्यात चाळीस दिवस असतात; त्या चाळीस दिवसांसाठी ती माहेरी आली होती. आजोबा साइटवर आले आणि फोरमनकरवी मला म्हणाले की आजीला त्या दगडाचा तुकडा हवा आहे. नातीला दूध कमी आहे.

गुहेतून काही आणणं आता शक्य नव्हतं आणि मी आणलंही नसतं. पण पहिल्या दिवशी आमच्या ड्रिलने छतातून जो दगड कापला होता, त्याचे नमुने आमच्या पेटीत होते. त्यातला एक तुकडा प्रयोगशाळेत तपासून आला होता. उरलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा, मी रीतसर विचारून घेतला.

नात आजीच्या खोलीतच होती. दमलेली, केस बांधलेले, मांडीवर सहा दिवसांची मुलगी. मी तुकडा आजीच्या हातात दिला आणि नातीला इंग्रजीत स्पष्ट सांगितलं, "हा चुना आहे. आम्ही तपासला, विषारी काही मिळालं नाही. पण याने दूध येतं असं म्हणायला मला काही आधार नाही. खाऊ नकोस. हॉस्पिटलमधल्या नर्सने जे सांगितलंय ते कर."

नातीने ते आजीला जसंच्या तसं सांगितलं असावं. मला वाटलं, आजी दुखावेल. ती मला म्हणाली, "तू हिच्या आईसारखी बोलतेस. बरं. नाही खाणार." मग तिने तो तुकडा नातीच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटवून स्वतःच्या दोन्ही हातांत धरली. नात रडू लागली. गेले सहा दिवस ती सगळ्यांना मी ठीक आहे म्हणून सांगत होती, असं तिची आई मला नंतर म्हणाली.

मी उठणार तेवढ्यात मला फोनची आठवण झाली. पुरातत्त्ववाल्या मुलीच्या परवानगीने मी गुहेत थोडं चित्रण केलं होतं. मी आजीला ते दाखवायला गेले, पण तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तिने फोन कानाला लावला. फोनमधून थेंबाचा आवाज येत होता. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप्.

ती ऐकत राहिली. चित्रण संपलं, तेव्हा पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "आता हळू पडतंय. तेव्हा दोन थेंबांमध्ये बिस्मिल्ला म्हणण्यापुरताच वेळ मिळायचा."

मी ते वाक्य माझ्या फील्डच्या वहीत लिहिलं. पाऊस कमी झाल्याची अशी नोंद मला दुसऱ्या कुठल्या कागदात मिळाली नसती.

पुढे असं झालं, की रस्त्याच्या नकाशात बदल केला गेला. रस्त्याकडेची संरक्षक भिंत थोडी अलीकडे घेतली, गुहेचा भाग मोकळा सोडला, वरून आधार दिला आणि तोंडाला लोखंडी जाळी बसवली. भांडं काढायचा प्रयत्न केला असता तर फुटलं असतं, म्हणून ते तिथेच ठेवलं. काम दोन महिने थांबलं नाही, पाच आठवडे थांबलं. माझा व्हिसा रिन्यू झाला. मॅनेजर एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "रिपोर्ट चांगला होता तुमचा," आणि लगेच दुसऱ्या साइटचं बोलू लागले. मशीनवरची माणसं दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पवर परत गेली. मला अल ऐनच्या बाजूला एका शाळेच्या पायाचं काम मिळालं. तिथे सगळी वाळू.

जूनमध्ये फोरमनचा फोन आला. "ताई," तो म्हणाला. मॅडमवरून ताईवर तो कधी आला, माझ्या लक्षात नाही. "खाला गेल्या. चाचांनी मला कळवलं, तुम्हालाही सांगायला सांगितलं."

आम्ही दोघं भेटायला गेलो. तो पुरुषांकडे बसला, मी बायकांकडे. सुनेने मला मिठी मारली. नात तिथेच होती, बाळ आता सहा-सात महिन्यांचं, गुटगुटीत, जमिनीवर पालथं पडून पुढे सरकायच्या खटपटीत.

मी हलक्या आवाजात विचारलं, "तेव्हा कसं जमलं मग?"

"आठव्या दिवशी आलं दूध," नात म्हणाली. "नर्सने बाळाला धरायची पद्धत बदलून दिली. तेवढंच चुकत होतं." तिने बाळाचं वर सरकलेलं झबलं खाली ओढलं. "आजी मात्र जो येईल त्याला सांगायची, माझ्या दगडाने आलं. शेजारणींना, डॉक्टरांना, सगळ्यांना. एकदा ती नर्स घरी आली होती, तिलाही सांगितलं."

"मग नर्स काय म्हणाली?"

"म्हणाली, माशाल्ला, खाला. कोणीच आजीला खरं कारण सांगितलं नाही. मीसुद्धा नाही."

बाळाने तेवढ्यात माझ्या ओढणीचं टोक पकडलं आणि तोंडात घातलं. नात ते सोडवायला वाकली. मी म्हणाले, राहू दे.